टाकीतले मासे

आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत मासे मी सोडले.

चोरून नाही हं! कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच.

झालं असं. सुलू, म्हणजे माझी बायको, गेल्या पावसाळ्यात गेली. निर्मळ गावच्या वाडीतल्या घराला कुलूप लागलं आणि मुलाने, नितीनने, मला नायगावला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथे मे महिन्यात इंग्रजीत नोटीस लागली. मी चौथी शिकलेला, सेक्रेटरीलाच विचारलं, ‘‘काय लिहिलंय हो?’’

‘‘काका, महिनाअखेरीला गच्चीवरची टाकी धुणार आहोत. शेवाळं आलंय, डासांची अंडी झालीत.’’

‘‘मग आतल्या पाण्याचं काय?’’

‘‘सोडून देणार.’’

‘‘किती?’’

‘‘सगळं!’’

एक दिवसाआड टँकर येतो, बायका भांडी घासताना नळाशी भांडतात, आणि हा शिकलेला माणूस भरली टाकी गटारात सोडणार! अहो, आमच्याकडे विहिरीत मासे सोडतात. अंडी खातात, शेवाळं खातात, पाणी लख्ख. धुण्यासाठी कोणी विहीर रिकामी करतं का?

आमच्या विहिरीतले मासे सुलूचे. लग्न होऊन आली त्या वर्षी माहेरून आणलेले, त्यांचीच पिलावळ. रोज जेवण झालं की भाताची शितं घेऊन काठावर जायची. (मी हाका मारत बसायचो. मासे आधी, नवरा नंतर!) दुसऱ्याच दिवशी मासे आणायला वाडीत जाऊन बघतो तर विहिरीत गुडघाभर पाणी आणि काठावर खंड्या पक्षी, आमंत्रण असल्यासारखा बसलेला! तिचं म्हणून जिवंत असं एवढंच तर उरलं होतं.

तिच्या जुन्या पातळाच्या तुकड्याने सगळे मासे धरले, दुधाच्या किटलीत घातले आणि रिक्षाने नायगावला आणले. दुपारी बिल्डिंग घोरत होती. गच्चीवर गेलो, शिडी चढलो, टाकीचं झाकण उचललं. महिनाअखेरीपर्यंत टाकी लख्ख, मग धुणार काय? मासेही वाचले, पाणीही वाचलं! मला माझंच कौतुक वाटलं.

ते फार टिकलं नाही. एका सकाळी सून, पल्लवी, बाथरूममधून ओरडली, ‘‘बाबा, बादलीत काहीतरी हलतंय!’’

‘‘पाणी असेल. हलतंच ते.’’

‘‘पाण्याला शेपटी असते?’’

तोवर खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात हजर. ‘‘तांदूळ भिजत घातले, त्यात मासा! आमचं घर शाकाहारी आहे हो!’’

‘‘जिवंत आहे ना? मग कुठे बिघडलं?’’ मी म्हणालो. (गप्प बसायला हवं होतं.)

तेवढ्यात जिन्यातून सेक्रेटरीच आला. डोक्याला फेस, कमरेला टॉवेल. ‘‘अंगावर तांब्या ओतला... पाठीवरून... वळवळत!’’

सगळी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये जमली. टँकरवाला नेमका तेव्हाच आला आणि लोकांनी त्यालाच धरलं. ‘‘कुठल्या डबक्यातलं पाणी पाजतोस रे?’’ तो बिचारा देवाची शपथ घेतोय, कोणी पोलिसांना फोन लावतंय. शेवटी मी हात वर केला. ‘‘मासे माझे.’’

नितीनने कपाळावर हात मारला. ‘‘बाबा! पिण्याच्या पाण्यात?’’

‘‘विहिरीचं पाणी पिऊनच तू एवढा झालास!’’

सेक्रेटरी गरजला, ‘‘आत्ताच्या आत्ता टाकी रिकामी करा!’’ वॉचमन वर पळाला, आणि भसाभसा पाणी गटारात जायला लागलं. मी गच्चीकडे धावलो. ‘‘अरे, मासे जातील!’’

‘‘जाऊ देत की गटारात!’’ सेक्रेटरी मागून ओरडला.

‘‘ते माझ्या बायकोचे आहेत हो!’’

माझा आवाज असा फाटेल असं मलाच वाटलं नव्हतं. सुलूच्या दिवसकार्यातही फाटला नव्हता. पल्लवीने घरातून पिठाची चाळणी आणून हातात दिली. आणि सेक्रेटरी? एका हाताने टॉवेल सांभाळत, वाळलेल्या फेसासकट टाकीत उतरला! ‘‘काका, डावीकडे! तो बघा कोपऱ्यात!’’ शेवटचा मासा त्यानेच धरला.

मासे सगळे वाचले. पाणी मात्र एक थेंब उरलं नाही. सेक्रेटरी सोडणार होता तेवढंच पाणी मी सोडायला लावलं, वर लोकांचे शिव्याशाप फुकट.

आता पाऊस पडून विहीर भरेपर्यंत मासे आमच्या बाथरूममध्ये आहेत. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणी वाचवण्याचा विषय निघाला, तर सेक्रेटरी उठून म्हणतो, ‘‘काकांकडून शिका! या वयात दोन तांब्यांत आंघोळ करतात!’’

टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कारही केला. आता कुठल्या तोंडाने सांगू, की टब आणि बादली दोन्ही माशांनी अडवलीत, आणि माझ्या वाट्याला तांब्याच उरलाय!