गुरुवारचा ग्राइंडर

आमच्या यांना वेड लागलं नव्हतं.

हे आधीच लिहून टाकते. आज यांना जाऊन वर्ष झालं, घरात माणसं जमलीत, आणि कोपऱ्यात अजून कुजबुज चालते की शेवटी ते डोक्याच्या डॉक्टरशी बोलायचे म्हणून.

बोलायचे. दर गुरुवारी. फोनवर, व्हिडिओ लावून.
आणि मला त्याचा अभिमान आहे.

झालं असं. यांचं हार्टचं ऑपरेशन झालं आणि मुलानं आम्हाला मल्लेश्वरमच्या जुन्या घरातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. फ्लॅट चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त इथं लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात, माणसाकडे कुणी बघत नाही. मल्लेश्वरमला मी कोथिंबीर आणायला गेले की तासाभरानं परत यायची. असो.

हे खोलीतून बाहेरच येईनात. बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीत लेथवर जन्म काढलेला माणूस लिफ्टला घाबरायला लागला.
जेवण दोन घास. बोलणं त्याहून स्वल्प.
मला वाटलं, असेच भिंतीकडे बघत बघत जातात की काय.

नातीनं, मेघनानं, ऑनलाइन काउन्सेलर शोधली. मराठी बोलणारीच हवी, ही यांची अट. कन्नड यांचं माझ्यापेक्षा चांगलं. पण म्हणाले, "भीती मला मराठीत वाटते."

आता अडचण ऐका. लेथच्या आवाजात यांचे कान गेलेले, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणं. पहिल्या दिवशी दार लावून बोलले, तरी समोरच्या अक्का बघायला आल्या, भांडण झालं का म्हणून.
हे लाजले. म्हणाले, "बंद. परत बोलणार नाही."

पुढच्या गुरुवारी मी ग्राइंडर ओढत यांच्या दाराशी आणला. भिजवलेले उडीद-तांदूळ घातले आणि बटण दाबलं.
"बोला आता. मलासुद्धा ऐकू येणार नाही."
"एवढं पीठ खाणार कोण?"
"तुम्ही बोला. खाणारे मी बघते."

तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे माझे दोसे. कुणी कारण विचारलं नाही. दोसे गरम असले की माणसं विचारत नाहीत.

ती मॅडम यांना होमवर्क द्यायची. आधी नुसतं लिफ्टपाशी उभं राहायचं. मग माझ्याबरोबर एक मजला. परत आले की हे मला रिपोर्ट द्यायचे, मी बरोबरच असले तरी: "गेलो, आलो, मेलो नाही."

पण तळमजल्यापर्यंत काही जाईनात.

मग एका गुरुवारी आतून हाक.
"अगं ए, बंद कर ते. आत ये."

पीठ अर्धवट. हात तसेच घेऊन गेले. स्क्रीनवर ती मॅडम, आमच्या मेघनाएवढीच. म्हणाली, "आजी, बसा. आजोबा, मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

हे भिंतीकडे बघून बोलले. आणि हळू बोलले. जन्मात पहिल्यांदा.
"लिफ्टमध्ये आपण दोघंच असताना मला काही झालं, तर तुला फोन लावता येत नाही. बँक मी बघितली, बिलं मी बघितली. मी गेल्यावर तू सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसशील."

मी म्हटलं, "मग शिकवा की. दुसरी शिकलेय, आंधळी नाही."

शिकवलं. मास्तर म्हणून फार कडक.
"बोट घासू नको. टेकव."
"टेकवतेच आहे."
"तो कॅमेरा आहे."

लिफ्टमधून पहिला फोन मी यांनाच लावला. हे शेजारीच उभे.
"हॅलो, कोण?"
"तुमची बायको."
"काय काम?"
"काही नाही. खाली चाललेय."
"सरी, ठीक आहे. मी पण येतो."

त्या दिवशी आम्ही तळमजल्यावर पोचलो. बाकावर बसलो. वॉचमनला वाटलं नवीन राहायला आलो.
मग रोज जायला लागलो.

हे गेले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. अँब्युलन्सला फोन मी लावला. पत्ता मी सांगितला. मग मुलाला लावला.
उपयोग झाला नाही. पण कुणाच्या तोंडाकडे बघत बसले नाही.

आता गुरुवारी त्याच मॅडमशी मी बोलते. सून विचारते, "अत्ते, ग्राइंडर लावू का?"
माझा आवाज काही मोठा नाही. तरी म्हणते, लाव.

तर जमलेल्या सगळ्यांना सांगते, हा माणूस म्हातारपणी आपली भीती बोलून दाखवायला शिकला. तुमच्यापैकी ज्यांना जमलंय त्यांनी हात वर करा.

आणि अहो, हे सगळं मी एकटीनं फोनवर लिहिलंय. मेघनानं फक्त फोटो लावला, तुमचा, बाकावरचा.
बोट घासलं नाही. टेकवलं.

सुखानं राहा तिथं. इथलं मी बघते.