जजसाहेबांचा परिचय

"तुझ्यासारखी मुलगी बघितली की बरं वाटतं," जजसाहेब म्हणाले आणि टोस्टला काया, म्हणजे इथला नारळाचा जॅम, लावू लागले. "परदेशात वाढलीस, पण बोलणं आपल्या घरातलं राहिलं. नाहीतर हल्ली भारतातून जे वकील येतात, त्यांची आडनावं बघतेस ना? पुढच्या रांगेत बसायला शिकले. बोलायला नाही शिकले."

ते हसले. हॉटेलच्या त्या हॉलमध्ये मराठी असे आम्ही दोघंच होतो. मी कॉफी ढवळत राहिले. कॉफीत साखर नव्हती.

त्यांनी मला शिवी दिली नव्हती. मला विश्वासात घेतलं होतं. माझ्याच लोकांबद्दल, माझ्याच बापाबद्दल, मला आपली समजून.

ते अमेरिकेत फेडरल जज आहेत. राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजूर करतं, मग जन्मभर ती खुर्ची त्यांची. मूळचे पुण्याचे. एका परिषदेसाठी सिंगापूरला आले होते आणि आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. मंडळाची पद्धत अशी की पाहुण्याचा परिचय तरुणांपैकी कुणीतरी लिहायचा आणि वाचायचा. मी वकील, नुकतीच कामाला लागलेली. म्हणून त्यांना नाश्त्याला भेटायला मला पाठवलं होतं. शिवाय उन्हाळ्यात मला आपल्या चेंबरमध्ये इंटर्न म्हणून घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मला ते फार हवं होतं. विद्यापीठात मी त्यांचे निकाल वाचले होते. एका काळ्या कामगाराला त्याच्या रंगावरून हिणवणाऱ्या कंपनीला त्यांनी सोलून काढलं होतं. ती पानं मी वसतिगृहातल्या पलंगावर बसून पुन्हा पुन्हा वाचायची.

त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं. मंडळातही कुणाला नव्हतं. इथे कित्येक भारतीयांच्या कागदोपत्री आडनाव नसतंच. आपलं नाव, बापाचं नाव, संपलं. माझ्या जन्माच्या वेळी बाबांनी हीच पद्धत उचलली. आम्ही बौद्ध. बाबा इथल्याच आंग मो किओ भागात एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनियर आहेत. आडनाव कळलं की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी पुण्यात ऐकलं होतं. मराठी मी मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकले, अध्यक्ष काकूंकडून. त्यामुळे बोलणंही त्यांच्यासारखंच. काकू एकदा आमच्या फ्लॅटवर आल्या होत्या. हॉलमधली बुद्धाची मूर्ती बघून म्हणाल्या, "अय्या, किती झेन ठेवलंय तुम्ही घर!"

आई चहा करायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सत्कार रविवारी सकाळी होता, नोव्हेना भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे उंची सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये. आई-बाबा शेवटच्या रांगेत बसले. ते नेहमी तिथेच बसतात. सुरू व्हायच्या आधी जजसाहेबांनी मला कोपऱ्यात बोलावलं. मी लिहिलेला परिचय त्यांच्या हातात होता.

"एक वाक्य गाळलंस."

वाक्य त्यांनीच नाश्त्याच्या वेळी सांगितलं होतं. 'जिथे गुणवत्तेला किंमत उरली नव्हती, तो देश त्यांनी सोडला.'

मी म्हणाले, "सर, तुम्हाला तर तिथेच प्रवेश मिळाला होता. सरकारी कॉलेजात."

"मिळाला. पण बाजूच्या बाकावर कोण येऊन बसायचं, ते तुला काय माहीत!"

"माझे बाबा बसायचे," मी म्हणाले. "तुमच्या नाही, दुसऱ्या कॉलेजात. पण बाजूलाच." आणि मी आमचं आडनाव सांगितलं.

माझा आवाज कापत होता. तो नेहमीच कापतो.

त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. इतकी वर्षं न्यायासनावर बसलेला माणूस. ते इंग्रजीत म्हणाले, तुझ्या लोकांविषयी माझ्या मनात काही नाही. मग मराठीत, हळू आवाजात, "ते वाक्य वाच. बाकीचं आपण दोघं विसरू. उन्हाळ्याचं ठरलंय तसंच राहील."

काकू बाजूलाच होत्या. औक्षणाचं ताट माझ्याकडे होतं. "दे गं इकडे," त्या म्हणाल्या, "तुला वाचायचंय ना, उगाच तेल सांडेल." ताट त्यांनी स्वतःच्या मुलीला दिलं. मग कानाशी येऊन, "आधी सांगायचं ना गं! लपवलंत कशाला? आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

त्यांची मुलगी माझ्याच वयाची, बँकेत आहे. ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "वन लाइन ओन्ली लाह. वाचून टाक ना."

मी माइकसमोर गेले. वाचलं. त्यांचं बालपण, शिष्यवृत्ती, सरकारी वकिली, नेमणूक. त्या कामगाराचा निकालही वाचला, आणि चांगला वाचला. टाळ्या पडल्या. मग ते वाक्य आलं. कागदावर त्यांनी ते स्वतःच्या पेनने लिहून ठेवलं होतं.

"पुढचं वाक्य जजसाहेबांचं आहे," मी म्हणाले. "ते मी वाचणार नाही. त्यांच्या मते गुणवत्ता नसलेली माणसं त्यांच्या बाजूच्या बाकावर बसायची. त्यातलेच एक, माझे बाबा, शेवटच्या रांगेत बसलेत. त्यांच्या शेजारून कुणाला उठायचं असेल तर आत्ता उठा."

कुणी हललं नाही. मग बाबांच्या डावीकडचे काका उठले. वीस वर्षांचे शेजारी. खिशातला फोन कानाला लावला आणि बाहेर गेले. फोन वाजलाच नव्हता.

बाबा खाली बघत होते.

जजसाहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, औक्षण, फोटो. लिफ्टपाशी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "स्वतःचं नुकसान करून घेतलंस. वकिलाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे." चेंबरचा नकार आठवड्याच्या आत आला. कारण दिलं नव्हतं. मी मागितलंही नाही.

घरी जाताना एमआरटी ट्रेनमध्ये आई माझा हात धरून बसली होती. बाबा दाराशी उभे राहिले, जागा होती तरी. स्टेशन आल्यावर म्हणाले, "काय मिळवलंस? इतकी वर्षं मी तोंड दाबून बसलो ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी, बाबा."

"मग?"

मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी त्यांना आधीच पुरेसं दुखवलं होतं.

ते उत्तर आज देते, बाबा. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मी शिकले. त्या गप्प राहण्याची किंमत मला ठाऊक आहे आणि मी ती नाकारत नाही. पण ते माझ्यापाशी संपलं. मी याच पेशात राहणार. त्या माणसाच्या शिफारशीशिवाय, त्याच्यासारख्यांच्या समोर. कोर्टात वकील उभा राहिला की न्यायाधीशाला फोन कानाला लावून बाहेर जाता येत नाही. त्याला बसून ऐकावं लागतं. मी त्याला ऐकवणार. आवाज कापेल. कापू दे.