तेरा ते सात

आत्या उंबरठ्याच्या आत बसून अंगणात रांगोळी काढायची. तरुणपणीच विधवा होऊन ती किन्हीराजाला आमच्या घरी परत आली, आणि दारातल्या रांगोळीला तिनं हात लावायचा नाही हे न बोलता ठरून गेलं. मग ती आतून नुसती सांगायची, आम्ही मुली काढायचो. "मधात तेरा घे. वर-खाली एकेक कमी करत सातावर थांब." गल्लीतल्या पोरींनी तिचं नावच 'तेरा ते सात' ठेवलं होतं.

एखादा ठिपका कुठल्याच रेषेत आला नाही, तर तिला चैन पडत नसे. "तो पाहाय, उपाशी राह्यला," म्हणायची आणि सगळं पुसायला लावायची. पुढे वाशीमला कॉलेजात मी बेरजेचं सूत्र शिकले आणि घरी येऊन तोऱ्यात सांगितलं की या रांगोळीत एकशे सत्तावीस ठिपके असतात. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? तुले आज कळलं का?" तिची शाळा चौथीतच सुटली होती.

माझ्या लग्नात मी हट्ट धरला की दारातली रांगोळी आत्याच काढेल, स्वतःच्या हातानं. काका घुश्श्यात होते. आत्या स्वतःच नको म्हणत होती. "कायले लोकायले बोलाले जागा देतं, पोरी?" मी तेव्हा शाळेत गणित शिकवायला लागले होते, असल्या गोष्टी ऐकून घेणं मला कमीपणाचं वाटे. शेवटी ती अंगणात उतरली. कित्येक वर्षांनी तिनं चिमटीत रांगोळी धरली, पण एकही ठिपका जागा सोडून पडला नाही.

दहा महिन्यांनी माझे यजमान मोटरसायकलच्या अपघातात गेले. सुतकाचे दिवस चालू असतानाच सासरच्या एका बाईनं त्या रांगोळीचा विषय काढला आणि तो किन्हीराजापर्यंत पोचला. मी कुणालाच काही बोलले नाही. दुःखात होते हे खरं. त्यानंतरही दोन वर्षं मी माहेरी गेले नाही, हेही खरं. आई फोनवर सांगायची की आत्या आता मुलींना आकडेही सांगत नाही. कुणी विचारलं तर विसरले म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा गेले. आईला तिनं चहा करायला धाडलं आणि मला जवळ बसवलं.

"पोरी, खरं सांग. माह्या हातानं झालं का ते?"

उत्तर मला पाठ होतं. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतोच असं नाही, हे मी वर्गात शिकवते. तरी तोंड उघडायला मला क्षणभर उशीर झाला. मग म्हणाले, "नाही आत्या. असं काही नसतं."

"बरं," ती म्हणाली. माझा हात थोपटला आणि भिंतीकडे कूस वळवली.

चौथ्या दिवशी ती गेली. त्या एका क्षणात माझ्या मनात काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिला मात्र कळलं होतं.