आपल्याच सैन्यासाठीचा नियम

शारजात आमच्या सात-आठ मराठी कुटुंबांचा दर शुक्रवारी अभ्यासवर्ग भरायचा. सुट्टीचा दिवस, कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंज्या. एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी शंका काढायच्या आणि मग सगळ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडायचं. वास्तुशास्त्रापासून मधुमेहापर्यंत सगळं होऊन गेलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका शुक्रवारी माझ्या नवऱ्याने विषय घेतला, प्राचीन चीनमधला युद्धविचार. हा माणूस औद्योगिक क्षेत्रातल्या ॲल्युमिनियमच्या दारा-खिडक्यांच्या कारखान्यात पर्चेस मॅनेजर, आणि घरी भाजीवाल्याशी घासाघीस मी करायची. मला हसूच आलं.

पण बोलला छान, हे मान्य करायला हवं. ते जुने चिनी विचारवंत लढाईचं कौतुक करत नाहीत, म्हणाला. युद्ध म्हणजे राज्य जगणार की बुडणार हा प्रश्न, म्हणून न लढता जिंकणारा सर्वांत थोर. मग तो वेढ्यावर आला. शत्रूला घेरलंत तर एक वाट मोकळी ठेवा. वाट दिसली की माणूस जिवावर उदार होऊन लढत नाही, पळायचं बघतो. आपलं सैन्य मात्र अशा जागी नेऊन उभं करा, जिथून मागे फिरताच येणार नाही. मग भित्रासुद्धा लढतो.

"म्हणजे आपल्या सिंहगडावरचे दोर," कोणीतरी म्हणालं, आणि हॉल खूश झाला. परतीचे दोर कापल्याची गोष्ट आम्ही सगळे शाळेत शिकलेलो. मीही टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी मी परत जाऊया म्हणून त्याच्या मागे लागले होते. 'तीन वर्षांत परत' या बोलीवर मी पुण्यातली टेलिफोन खात्यातली नोकरी सोडली होती. तिथला आमचा फ्लॅट दोघांच्या पगारातून उभा राहिला होता. कागदावर मात्र त्याचं एकट्याचं नाव, कारण तेव्हा तसंच करायचे. तीनाची सात वर्षं झाली होती. व्हिसा मालकाच्या हातात, आज आहे उद्या नाही. माझं मन लागत नव्हतं आणि मी ते लपवतही नव्हते.

हिवाळ्यात तो एकटाच पुण्याला जाऊन आला. आल्यावर जेवताना, आमटी वाढून घेत म्हणाला, "फ्लॅट विकला."

मला वाटलं, थट्टा करतोय.

"आता मागे बघायचं नाही. इथेच नीट लक्ष घालायचं. खलास."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

शारजातच वाढलेली आमची लेक ताटातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इट्स ओके. वी डोन्ट लिव्ह देअर एनीवे."

मी उठून सिंकपाशी उभी राहून रडले. इतका संताप आला होता की नळ बंद करायचंही भान राहिलं नाही. गड तर मालकाचा, मग दोर कापून आपण लढणार कशासाठी, हे त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही.

काही वर्षांनी मालकाने कारखाना भाच्याच्या हाती दिला आणि भाच्याला माझा नवरा नकोसा झाला. विनाकारण काढून टाकलं तर ग्रॅच्युइटीशिवाय भरपाईही द्यावी लागते. माणूस स्वतःहून गेला तर थोडक्यात भागतं. म्हणून आधी टेबलावरचा फोन गेला, मग केबिन, मग भर जुलैत पत्र्याच्या गोडाऊनमध्ये त्याला खुर्ची टाकून दिली. भाचा गोड बोलायचा, "हबीबी, यू रिझाइन, आय गिव्ह टिकेट फॉर फुल फॅमिली."

घरी येऊन घामाने भिजलेला शर्ट काढत नवरा म्हणायचा, "वाट मोकळी ठेवलीय बघ. अगदी नियमाप्रमाणे."

"मग जाऊया ना त्या वाटेने."

"कुठे?"

विकलेल्या फ्लॅटच्या पैशात पुण्यात आता धड एक खोली येत नव्हती. मग परतीची सोय नसलेला माणूस लढतो तसा तो लढला. रोज वेळेवर जाऊन त्या भट्टीत बसायचा. ऑगस्टमध्ये तिथेच खुर्चीवरून कोसळला. अर्धांगवायू.

व्हिसा रद्द व्हायला वेळ लागला नाही. व्हीलचेअरवरून त्याला विमानात चढवलं आणि पुण्यात माझ्या भावाच्या घरी हॉलमध्ये आमचा संसार मांडला.

बोलणं हळूहळू परत आलं, अर्ध्या तोंडातून. एका दुपारी पेज भरवताना मी इतकी वर्षं टाळलेला विषय काढला. "कोणाला भिऊन विकलास रे फ्लॅट?" मला वाटलं, मालकाचं नाव घेईल, नाहीतर स्वतःचं.

त्याने तोंडातली पेज गिळली. "तुला," म्हणाला. "तू लेकीला घेऊन निघून गेली असतीस."

म्हणजे दोर कापायचा नियम शत्रूसाठी नव्हताच. आपल्याच माणसावर भरवसा नसलेल्या सेनापतीचा तो नियम, आणि ते माणूस मी होते. मी त्याचं तोंड पुसलं आणि वाटी उचलून आत गेले.

मी गेले नसते. भांडले असते, अबोला धरला असता, पण गेले नसते. आजही त्याला अंघोळ मी घालते, कूस मी बदलते. हे मी मनापासून करते की जायला दुसरी जागा नाही म्हणून, हे त्याला आता कधीच कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की सांगता येत नाही.