जाड तारेची कुरडई

पंचेचाळिसाव्या वर्षी मी व्यापारी झाले. म्हणजे रस्त्याकडच्या खोलीतली तुरीची पोती आत सरकवली, एक टेबल आणि चार बरण्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली: ‘घरगुती कुरडया, पापड, शेवया’. त्यातलं ‘घरगुती’ पेंटरकडून मुद्दाम लाल रंगात लिहून घेतलं. त्या बाईचं डोकं कुठं होतं, हे आज तिला विचारलं असतं. ती मीच निघाली, म्हणून सोडून देते.

कुरडया माझ्या चांगल्या व्हायच्या, यात खोटं नाही. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यानं खाटेवरच्या धोतरावर पाडायचा. पण पहिला घाणा वाळला आणि मी सवयीनं गल्लीत नऊ घरी वानोळा पाठवला. घरात नवीन काही केलं की शेजारी थोडं द्यायचं, यात विचार करण्यासारखं आमच्याकडे काही नसतं. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. दिवस उन्हाळ्याचे. नऊही घरी कुरडया चालू. माझ्या डब्यांतून त्यांच्या कुरडया परत आल्या. मी पुन्हा पाठवल्या, पुन्हा आल्या. महिनाभरात दुकानातला माल कमी होण्याऐवजी वाढला, आणि गल्लीत कोणाला विकत घ्यायची गरजच उरली नाही.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, “दुकान टाकलं का भंडारा लावला वं?”

मी त्यांना सांगितलं, ही जाहिरात आहे. हा शब्द बचत गटाच्या बैठकीत नुकताच ऐकला होता.

मग अनसिंगच्या एका बाईची ऑर्डर आली. तिच्या मुलीचं लग्न होतं आणि रुखवतात मांडायला एकशे एक कुरडया हव्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, एका हातच्या. पसंत पडल्या तर नात्यातली पुढची लग्नंही माझ्याकडेच, असं ती म्हणाली. दुकान तरणार की बुडणार ते आता या एकशे एकवर होतं. मला हे पुरतं कळत होतं. तरी कुरडया वाळल्या तशी मी त्यातूनच गल्लीला वानोळा दिला. इतक्या सुंदर झालेल्या, कोणाला दाखवायला नकोत?

नेमक्या वीस कमी पडल्या. पुन्हा गहू भिजवायला वेळ नव्हता. बरण्यांत गल्लीच्या होत्याच. त्यातल्या पांढऱ्या निवडून मधल्या थरात घातल्या आणि मोठा डबा अनसिंगला पोचवला. कुरडई शेवटी कुरडईच, असं मनाला सांगितलं.

लग्नाला आमंत्रण होतं. मी नवी साडी नेसून रुखवताजवळ उभी राहिले, म्हणजे बाया ‘कोणी केल्या’ विचारतील तेव्हा शोधावं लागू नये. आमच्या समोरच्या घरची बाईही आली होती. तिचं नवरीकडे लांबचं नातं. तिच्या सोऱ्याच्या ताटलीचं एक भोक फाटलेलं आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक कुरडईत एक तार जाड येते. ती रुखवतावर वाकली आणि आनंदानं सगळ्यांना म्हणाली, “ही तं माही कुरोडी हाय. पाहा, ही जाड तार.”

तिच्या मनात काही काळं नव्हतं. आपली कुरडई रुखवतात चढली याचाच तिला अभिमान. मग बाकीच्या बायाही वेगळ्या दिसणाऱ्या कुरडया शोधायला लागल्या. एकीला गुलाबी झाक सापडली, एकीला जिरं. नवरीच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलले असेन? म्हणाले, “गल्ली एकच हाय आमची.”

आठवड्यानं मी घेतलेले पैसे पदरात बांधून अनसिंगला गेले. चूक माझी आहे, हे वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं.

“काहून केलं असं?” तिनं विचारलं.

“वानोळ्यात गेल्या वं बाई. देल्या, मंग कमी पडल्या.”

तिनं पैसे घेतले. कुरडयांचा माझा मोठा डबा आतून आणून दिला तेव्हा तळाशी मूठभर साखर होती. “खाली डबा कसा देऊ,” एवढंच म्हणाली.

मी ती साखर मांडीवर घेऊन घरी येताना पुढच्या लग्नांचा हिशोब करत होते. बाईनं माफ केलं, आता ऑर्डर येणार. दिवाळीनंतर कळलं, तिच्या पुतणीच्या रुखवताच्या कुरडया वाशीमहून आल्या. साखर ती साखर होती, ऑर्डर नव्हती.

तरी मी रोज दुकान उघडत राहिले. बरण्या पुसायच्या, कोणी विचारलं तर सीझन नाही म्हणायचं. एका दुपारी बरणी पुसता पुसता सासूबाईंना म्हटलं, “बुडालं.”

“मले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तू कधी म्हणतं, त्याचीच वाट पाहून राह्यली होती मी.”

हा एक शब्द म्हणायला मला सहा महिने लागले होते. म्हटल्यावर भूक लागली, म्हणून चार कुरडया तळल्या आणि दोघींनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली, ती अजून पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून आहे. उरलेला माल मी नऊ घरी वाटून टाकला आणि दुकान एकदाचं रिकामं केलं.

संध्याकाळपर्यंत नऊही डबे भरून परत आले.