विम्यातून वाचलेल्या पैशांचं भरीत

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही. जळगावच्या एका पाईपच्या कारखान्यात खरेदी खात्यात सगळी नोकरी झाली, त्यामुळे समोरचा माणूस आपल्याला लुबाडायलाच बसलाय ही त्यांची श्रद्धा आहे. मेथीची जुडी घेतानाही ते अशी हुज्जत घालतात की मी शेजारच्या गाडीवर जाऊन उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात गाडीच्या विम्याची मुदत संपत आली आणि एजंट घरी आला. ह्यांचाच वर्गमित्र. विम्याचे दोन भाग असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक, आपल्या गाडीला काही झालं तर. दुसरा, आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाचं काही केलं तर. ह्या दुसऱ्याला थर्ड पार्टी म्हणतात आणि तो कायद्यानं भरावाच लागतो. ह्यांनी लगेच पहिल्याची उलटतपासणी सुरू केली.

"आग? उभ्या गाडीला आग कशानं लागेल?"

"सहसा नाही लागत, पण..."

"मग काढ. चोरी? ही गाडी कोण चोरतं?"

इथे मात्र मला त्यांचं पटलं. शेवटी पहिला भाग अख्खाच उडाला. एजंटानं चहा संपवला, "भाऊ, तुमची मर्जी," म्हणाला आणि गेला.

मी विरोध केला तो एकाच कारणासाठी. माझी थोरली नणंद, अक्का, धुळ्याला असते. तिचा नवरा हायवेवर ट्रकखाली गेला तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. आता त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अक्कानं भावाकडे साडी मागितली नाही की भांडी. पोरीला बाप नाही, तर ती सासरी मामाच्या गाडीतून जावी आणि गाडी मामानं चालवावी, एवढंच मागितलं. फोनवर ते ऐकून ह्यांनी घासाघीस न करता शब्द दिला. म्हणून मी म्हणत होते, निदान लग्न होईपर्यंत पूर्ण विमा असू द्या.

"आपण गाडी लग्नाला नेतोय, लढाईला नाही," हे म्हणाले.

पैसे वाचल्याचा आनंद त्यांच्या पोटात मावेना. जळगावात आनंद झाला की माणूस भरीत पार्टी देतो. ह्यांनीही यावल रस्त्यावरच्या एका मित्राच्या शेतात दिली. वाचलेले पैसे वांग्यांना आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांना पुरले नाहीत, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली आणि वारा सुटला. जाळ एकाच बाजूला पळायचा, वांगी दुसरीकडून कच्ची राहायची. भरताच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येक पुरुष तज्ज्ञ असतो. एकानं पत्रा आणा म्हटलं, एकानं ताडपत्री. तेवढ्यात हे उठले, गाडी चालू केली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून जाळाला खेटून उभी केली. सगळ्यांनी वाहवा केली. जाळ सरळ झाला, वांगी झकास भाजू लागली.

मग वारा फिरला. कपाशीच्या काड्यांचा भडका उठला तो थेट गाडीवर. पाण्याचे हंडे संपले, तेव्हा ताकाचं पातेलंही ओतलं. पुढचा बंपर वितळून लोंबत होता आणि डाव्या बाजूच्या रंगाला फोड आले होते. भरीत मात्र उत्तम झालं होतं आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

ह्यांनी एजंटाला फोन लावला. शेत मित्राचं, म्हणजे दुसऱ्याचंच, तर थर्ड पार्टीत बसेल का? एजंटानं विचारलं, शेतातलं काय जळलं? काहीच नव्हतं जळलं. मित्राचं काही जळलं नाही म्हणून हळहळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

लग्न तोंडावर आलं होतं. गॅरेजवाल्यानं बंपर बदलला, पण त्याआधी रंग होणार नाही म्हणाला. भाड्याची गाडी घेऊ म्हटलं तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्कानं माझी गाडी मागितलीय." मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. शेवटी धुळ्यात झेंडू घेतला. उजवीकडे एक हार आणि डावीकडे इतके की दार दिसेना.

पाठवणीच्या वेळी चाकाखाली नारळ ठेवायला अक्का पुढे आली, नेमकी डावीकडे. माळ बाजूला केली आणि तशीच पाहत राहिली. नवरदेवाकडची माणसं मागेच उभी होती. हे खाली मान घालून घरच्या अहिराणीत म्हणाले, "अक्का, तुले एक चांगली गाडी बी नही देवू शकनू मी." आणि मग सगळा राग विम्यावर निघाला. "जो इमा भरेल शे, तो दुसराना कामना. पुढला साले तो बी बंद करस."

अक्कानं माळ पुन्हा जागेवर बांधली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "ज्या ट्रकखाले हिना बाप गया, त्या ट्रकवालानी बी तो दुसरानाच इमा भरेल व्हता. त्या पैसावर ही मनी पोर शिकनी. तू तो बंद नको करू."

ह्यांनी माळा सावरून डावीकडचं दार उघडलं. भाचीला पुढे बसवलं, नवरदेव आणि मी मागे बसलो. विम्याच्या कागदावरचं ते दुसरं कुणीतरी माझ्यासमोरच्या सीटवर शालू नेसून रडत होतं, आणि हे गाडी इतकी हळू चालवत होते की वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या.