चित्रातला बाक

अशी जवळ ये गं. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, मांडीला मांडी लावून बसल्यासारखं ऐक. आणि आधी बोलणी खा. फोनवर म्हणतेस, "आजी, तुमचा रस्ता आता मस्त झाला असेल." पुण्यात बसून नकाशे काढणाऱ्या नातीला आजीचा रस्ता येऊन बघायला काय होतं?

शिंदखेड्याहून धुळ्यात नांदायला आले तेव्हापासून आपल्या दाराशी ओटा होता. ऊन तापलं की गल्लीतल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच बायांचे बिबडे-पापड तिथेच. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर चकत्या थापायच्या, खाटेवर वाळवायच्या. वाळल्या की धोतर उलटं करून पाणी शिंपडायचं नि अलगद सोडवायच्या. धोतर ताणून धरायला दोघी लागतातच. माझ्यासमोर कायम समोरच्या घरातली असायची. चाळीस वर्षं.

मग महापालिकेचे साहेब आले. कापडावर छापलेलं हे मोठं चित्र घेऊन. रुंद रस्ता, दिवे, गर्द झाड, झाडाखाली बाक. आणि बाकावर डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी बाई! मला वाटलं, मीच ती. साहेब म्हणाले, ओटे सोडावे लागतील, बदल्यात हे मिळेल. पहिली सही माझी. वर घरोघर जाऊन मीच सांगत फिरले. समोरची म्हणाली, "अक्का, तू सांगस म्हणीसन मी सही करस. माले चित्रमातलं काय समजस?"

ओटे एका सकाळीत गेले. खाली पाइप टाकायचे म्हणून ओट्याशेजारचा जुना निंबही गेला. बाक मात्र आला, लोखंडाचा, भर उन्हात, गटाराकडे तोंड करून. धुळ्याचा उन्हाळा तुला ठाऊक आहे, त्याच्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. आधी समोरची टोमणा मारायची, "अक्का, चित्रमातली सावली कोठे गई व?" मीही हसायचे. मग तिने विचारणंच सोडलं. टोमणा होता तोवर बरं होतं गं.

तुला फोनवर चित्रातल्या त्या म्हातारीबद्दल विचारलं तर तू किती सहज म्हणालीस, "आजी, ती माणसं तयार मिळतात. कुठल्याही चित्रात चिकटवतात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परवा मी एकटीनेच बिबडे घातले. सोडवताना धोतराचं एक टोक त्या बाकाच्या दांडीला बांधलं, दुसरं मी ओढलं. दांडीला कुठे कळतं, किती ताणायचं नि कधी सैल सोडायचं? निम्मे बिबडे मोडले. मान वर केली तर समोरची दारात उभी. बघत होती. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? तीही थोडा वेळ थांबली नि आत गेली. पण दार लावलं नाही तिने, ते मी पाहिलं.

अजून निम्मी ज्वारी डब्यात ठेवलीय. तू ये. आधी माझ्याकडे नको, तिच्या दारात जा आणि म्हण, आजीला धोतर धरायला माणूस हवंय. तुला ती नाही म्हणणार नाही, लहानपणी तिच्याच हातचा घाटा चाटलायस. ऊन उतरायच्या आत ये गं, लवकर ये.